नाव घेतलं की थांबायचं

आमच्या भोंगेवाल्या मामांनी जाहीर केल्याशिवाय चिखली तालुक्यात माणूस मेला असं कोणी धरतच नाही. डॉक्टर हात टेकोत, पाहुणे गाड्या करून येवोत, पण मामांची रिक्षा गल्लीत शिरून टपावरच्या भोंग्यांतून "कळवण्यास अत्यंत दुःख होते की" ऐकू येईपर्यंत म्हातारी माणसं तिरडीकडेही संशयानेच बघतात. मामा माझे सख्खे नव्हेत, ते साऱ्या गावाचेच मामा. एक रिक्षा, एक माइक आणि विहिरीतून यावा तसा आवाज, एवढ्या भांडवलावर त्यांनी अंत्ययात्रा, साड्यांचे सेल, सर्कस आणि हरवलेल्या म्हशी सगळं सारख्याच गांभीर्याने जाहीर केलं. सेलची जाहिरात ऐकून बायका आधी डोळे पुसतात आणि मग साड्या घ्यायला जातात, असं लोक म्हणतात. लोकांचं सोडा, मी स्वतः सर्कस आल्याचं ऐकून हळहळले आहे.

आवाजाला मामा जपत तसं कोणी तान्ह्या लेकराला जपत नसेल. खिशात कायम ज्येष्ठमध आणि खडीसाखर. कामाच्या दिवशी ठेचा वर्ज्य, आणि वऱ्हाडातल्या माणसाने ठेचा सोडणं म्हणजे संन्यासच. आवाज बाहेर खर्च होतो म्हणून घरात ते बोलतच नसत. पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे, भाकरी हवी असेल तर तळहात पालथा, आणि मामींना बोलवायचं असेल तर टाळी. मामी मात्र दोघांच्या वाटचं बोलायच्या. मी गेले की चहा गाळता गाळता गाऱ्हाणं सुरू: "साऱ्या तालुक्याच्या बायकायचे नावं घेते हा माणूस, माहं नाव एकदा यायच्या तोंडात नाही आलं. मी मेली का घेतीन, भोंग्यावर." मी त्यांचं नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "त्यायच्याच तोंडून ऐकजो कधी." मामा समोर बसून खडीसाखर चघळत होते. त्यांनी अंगठा दाखवून पाणी मागितलं.

मामींचं म्हणणं खरंच होतं, कारण बायकांच्या नावांबद्दल मामांइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. आपल्याकडे बाई गेली की "अमुकराव यांच्या मातोश्री" किंवा "तमुकरावांच्या पत्नी" असं जाहीर होतं, बिचारीचं नाव काही येत नाही. मामा रिक्षाची किल्ली खिशात घालून ओट्यावर बसायचे आणि विचारायचे, मातोश्रीचं नाव काय? एकदा साखरखेर्ड्याकडच्या एका घरी चांगले मिशीवाले चौघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. जन्मभर तिला माय म्हणत आलेले. एक म्हणाला शांता, दुसरा म्हणाला ती तर मावशी. शेवटी शेजारच्या म्हातारीने आतून ओरडून सांगितलं तेव्हा मामांनी किल्ली काढली. थोरल्याने जरा आवाज चढवला होता, तर मामा शांतपणे म्हणाले, "मातोश्री तं साऱ्यायच्याच असतात भाऊ. गेली कोण, ते सांगा." आणि नाव घेतल्यावर ते थांबायचे. चांगले लांबलचक थांबायचे. लोकांना चेहरा आठवायला वेळ लागतो, घाईत नाव घेतलं तर ते वाया जातं, असं त्यांचं शास्त्र होतं. रिक्षा मात्र चालूच असायची, त्यामुळे नाव एका गल्लीत आणि उरलेलं वाक्य दुसऱ्या गल्लीत, असं नेहमीच व्हायचं. मेलेल्या माणसाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही.

मी चिखलीतल्या एका लहानशा महिला संस्थेत प्रचार-प्रसाराचं काम करते. पोस्टर करायची, व्हिडिओ काढायचे, बायकांच्या हक्काच्या गोष्टी गावोगाव पोचवायच्या. माझी पोस्टरं सुरेख असतात, हे मीच सांगते कारण दुसरं कोणी सांगत नाही. पण ती चिकटायची पानठेल्याच्या भिंतीवर, जिथे बाया थांबत नाहीत, आणि व्हॉट्सॲपचे निरोप जायचे नवऱ्यांच्या फोनवर आणि तिथेच जिरायचे. उंद्रीच्या पलीकडच्या एका गावात हे फारच जाणवलं. तिथल्या सरपंच वच्छलाबाई, म्हणजे कागदावर. गावात सरपंच म्हणायचे त्यांच्या नवऱ्याला, आणि वच्छलाबाईंना म्हणायचे सरपंचाच्या घरची. महिला ग्रामसभेच्या दिवशी चार बाया सतरंजीवर बसायच्या, बाकीच्यांच्या सह्या घरोघर जाऊन आणल्या जायच्या आणि खुर्चीवर बसून नवराच बोलायचा. वच्छलाबाईंच्या मनात एक ठराव होता. गावातल्या प्रत्येक घराच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लागावं. त्यांच्या बहिणीला नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं होतं आणि तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. मुदत संपत आली होती, ही शेवटचीच सभा. मला मळ्यात गाठून त्या म्हणाल्या, "बाया भरपूर आल्या तं मले उठून बोलता येईन. नाही तं पाच वर्षं मी चहाच करून राह्यली, असं होईन." म्हणून मी मामांना गाठलं.

मी लिहून दिलेला मजकूर मामांनी चष्मा लावून वाचला आणि 'सक्षमीकरण' या शब्दावर बोट ठेवून, हा माझ्या भोंग्यात जात नाही, असं सांगितलं. 'सहभाग' गेला, 'निर्णयप्रक्रिया' अडकली. शेवटी उरलं ते एवढंच: आपल्या गावच्या सरपंच वच्छलाबाई यांच्या अध्यक्षतेखाली महिला ग्रामसभा आहे, समस्त माता-भगिनींनी यावं. मला वाटलं, यात चुकण्यासारखं काय आहे?

सकाळी मामांची रिक्षा गावात शिरली. "समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येते की, आपल्या गावच्या सरपंच वच्छलाबाई…" आणि मामा थांबले. सवयीप्रमाणे, लोकांना चेहरा आठवावा म्हणून. रिक्षा वळून पुढच्या गल्लीत गेली आणि उरलेली सभा तिथल्या दोन बकऱ्यांनी ऐकली. इकडे चुलीवरचे तवे उतरले. बायांनी साधी लुगडी-पातळं नेसली, डोक्यावर पदर घेतले आणि सरपंच बाईचं अंत्यदर्शन पंचायतीतच असणार असं धरून रडत रडत तिकडे निघाल्या. काही तर वच्छलाबाईंचे गुण आठवून मोठ्याने सांगू लागल्या; गुण इतके आहेत हे त्या दिवशीच गावाला कळलं. मेहकरहून माहेरच्यांचे फोन आले. वच्छलाबाईंचा नवरा शेतातून एका पायात चप्पल घालून धावत आला आणि पंचायतीच्या अंगणात त्याने बघितलं, तर बायको इस्त्रीची साडी नेसून सतरंज्या अंथरत होती. तो तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मी मामांकडे रागाने बघत होते आणि मामा माइकवरची धूळ पुसत होते.

वच्छलाबाई गर्दीकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याला हाताला धरून सतरंजीवर नीट बसवलं, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "मी जित्ती आहो. साऱ्या माह्यासाठी आल्या, तं आता माहं ऐकूनच जा." मग बोलल्या. बहिणीचं बोलल्या, घराचं बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या की आज माझं नाव ऐकून तुम्ही आलात, तेच नाव घराच्या कागदावर असायला मेलंच पाहिजे का? बाया आधीच रडायच्या तयारीने आल्या होत्या, त्यामुळे रडणं सोपं गेलं आणि हात वर करणंही. नवऱ्यानेही हात वर केला. महिला सभेत त्याचा हात मोजता येत नाही, असं ग्रामसेवकाने सांगितलं तरी त्याने तो खाली घेतला नाही. ठराव झाला, पुढे मोठ्या ग्रामसभेतही टिकला. आता त्या गावात दारांवर दोन-दोन नावं दिसतात. आमच्या संस्थेच्या अहवालात याला 'प्रभावी संवाद' म्हटलंय.

यंदा मामांचा गळा बसला. काळजीचं नाही, पण माइक बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचा चिखलीतला मेळावा जवळ आला होता आणि शेवटचं एक काम करतो म्हणून मामा अडून बसले. उद्घाटन मामींच्या हातून व्हावं ही सूचना वच्छलाबाईंची. मी मजकूर लिहिला आणि नावाची जागा मोकळी सोडून मामांना म्हटलं, एवढं तुम्हीच घाला. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

मी रिक्षात मागे बसले होते. नावाची जागा गाळूनच सारी चिखली फिरून मामांनी रिक्षा स्वतःच्या गल्लीत आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जाहिरात करताना, थांबवली. बसलेल्या आवाजात म्हणाले, "मेळाव्याचं उद्घाटन… गोदावरीबाई…" आणि थांबले. लोकांना चेहरा आठवायला वेळ लागतो त्याहून खूप जास्त थांबले. शेजारपाजारचे धावत मामांच्या घराकडे निघाले. दारात मामी आल्या, हात पिठाचे, आणि लोकांना म्हणाल्या, "काऊन धावून राह्यले? जित्ती आहो मी." मग रिक्षाकडे बघून हळूच म्हणाल्या, "पुन्हा घ्या." मामांनी पुन्हा घेतलं. माइक तोंडाशी नव्हता, पण मी मागेच होते, मला ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सर्कशीच्या वेळच्यासारखं नव्हतं.

आता माइक मामींकडे आहे आणि मामा नुसती रिक्षा चालवतात. मामींचा आवाज खणखणीत, पण घाई फार, नाव घेतलं की लगेच पुढचं वाक्य. थांबायचं त्यांच्या काही ध्यानात राहत नाही. म्हणून बाईचं नाव आलं की मामा ब्रेक दाबतात. रिक्षा थांबते, मामी बोलता बोलता अडखळतात, त्यांच्याकडे रागाने बघतात, आणि तेवढ्यात गल्लीला चेहरा आठवतो.