मलमकाकांचे तीन प्रश्न

आठवडाभर ते सायकलींची पंक्चरं काढत आणि रविवारी पोरांच्या फुटबॉल संघाची दुखणी. म्हणून सगळे त्यांना मलमकाका म्हणत. बर्फाची पिशवी, क्रेप बँडेज, थंड फवारा, एवढाच संसार. घोटा मुरगळो की गुडघा सुजो, काकांचा हात फिरला की पोरगं उभं. डोक्याला लागलं तर मात्र तीन प्रश्न: वार कोणता, स्कोअर किती, शेवटचा गोल कुणाचा. तिन्ही बरोबर, तर खेळायला मोकळा. एक जरी चुकला, तर बाकावर.

"बाबा, याच्या डोक्याला लागलं तर तुमचे ते प्रश्नबिश्न नकोत हां. सरळ बाहेर काढायचं," लेकीनं गेटपाशीच बजावलं होतं. नातू गोलकीपर होता.

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून पोरं उठवतोय मी!"

"उठवताच हो. कधीतरी बसवा."

दुसऱ्या हाफमध्ये नातवाचं डोकं खांबावर आदळलं. तो आवाज पार बाकापर्यंत आला. काका धापा टाकत पोचले, तोवर पोरांचा घोळका झाला होता.

"वार?"

"रविवार."

"स्कोअर?"

"दोन-एक."

"गोल?"

"बुटक्याचा."

धडाधड! काकांची छाती फुगली. "जा रे वाघा!" कुंपणापलीकडून लेक ओरडत होती. त्यांनी हातानंच खूण केली, काही नाही झालेलं.

पुढच्याच कॉर्नरला कुणाचा तरी खांदा नातवाच्या डोक्याला नुसता घासला. तो खाली पडला, तो उठेचना. डोळे उघडे, पण एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी.

"वार कोणता, बाळा?"

"रविवार... अरे, रविवार म्हण ना!" मागून बुटका कुजबुजला.

काका गर्रकन वळले. "काय म्हणालास?"

"आम्ही नेहमीच सांगून ठेवतो, काका. तुम्ही पोचायच्या आत. नाहीतर तुम्ही बसवता." बुटक्याला रडू फुटलं. "मघाशी तो मला विचारत होता, आपण कुठे आलोय."

ॲम्ब्युलन्सच्या दारात नर्सनं लेकीला विचारलं, "पहिल्यांदा लागलं तेव्हा शुद्धीवर होता का? नीट बोलत होता?"

लेकीनं पोराचा हात सोडला नाही. मानही वळवली नाही.

"यांना विचारा. यांनीच तपासलंय."

नर्स काकांकडे वळली. काकांनी तोंड उघडलं. या खेपेला मागून उत्तर सांगायला कुणी नव्हतं.