पाहुण्यांचा रकाना

आकडेमोडीच्या जोरावर मी पुण्याहून एडिनबराला आलो. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत टीव्ही कार्यक्रम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रेक्षक मोजायचं काम मिळालं. गेलिक बोलणारे उरलेत थोडेच, त्यातले बरेचसे पश्चिमेच्या बेटांवर. तिथल्या काही घरांत आम्ही दर आठवड्याला तक्ता पाठवायचो. कोणी काय पाहिलं, एवढंच भरायचं. शेवटचा रकाना पाहुण्यांसाठी होता आणि तो कायम कोरा यायचा. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही, हीच तर माझी हुशारी.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आपल्या स्वयंपाकघरात बसून बेटावरच्या गोष्टी सांगायच्या, असा आमचा एक कार्यक्रम होता. संगीत नाही, झगमगाट नाही. मला अक्षर कळायचं नाही, तरी मी हातातलं काम टाकून बघत बसायचो. पण असलं काही घरचं बनवायचं म्हटलं की खर्चानं कंपनीच्या नाकी नऊ यायचे. मोठ्या देशातलं कार्टून आयतं मिळतं, नुसते आवाज बदलले की झालं.

मीटिंगमध्ये बॉसबाईंनी विचारलं, "ह्या आजींना बघतं तरी कोण?"

मी ऐटीत सांगितलं, "घरटी जेमतेम एक माणूस."

गोष्टी बंद झाल्या. त्या जागी कार्टून आलं.

जुनी रेकॉर्डिंग्ज गोष्टीवाल्या बाईंना पोचवायला मी स्वतःहून त्यांच्या बेटावर गेलो. मन खात होतं, दुसरं काय. चहा झाल्यावर त्या मला शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेल्या. त्या गावात आमचा तक्ता तोच भरायचा. त्याच्या बैठकीत टीव्हीसमोर अकरा खुर्च्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरून आणून ठेवलेली.

"बुधवारी संध्याकाळी सगळा गाव इथे यायचा," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "एकेकट्यानं गोष्ट ऐकायची आमच्यात रीत नाही."

मी म्हाताऱ्याला विचारलं, "मग तुम्ही पाहुण्यांचा रकाना का नाही भरलात?"

तो चपापला. "दारात आलेली माणसं मोजायची? बरं दिसतं का ते?"

मला आमच्या कॉलनीतल्या काकूंचा टीव्ही आठवला. आमच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी आम्ही पंधरावीस पोरं त्यांच्या उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीनं बसायचो. काकूंनी एकदा जरी डोकी मोजली असती, तरी आईनं मला पुन्हा तिथे पाठवलं नसतं. हे सगळं मला ठाऊक होतं. कोरा रकाना वाचायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या ऑफिसात दुसरा नव्हता.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुमच्याकडे मोजतात का हो?"

मी खाली बघत म्हटलं, "नाही."