मागचा की पुढचा?

नीलाताईंसमोर 'परवा' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हणालंच, तर त्या हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "मागचा की पुढचा?"

वाक्यावरून अर्थ स्वच्छ असला तरी विचारायच्या. आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळींत हा एक चेष्टेचा विषयच झाला होता. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकमध्ये कुणीतरी न राहवून म्हणालं, "अहो ताई, परवा ऑकलंडला जाऊन आलो म्हटल्यावर मागचाच असणार ना?" त्यावर नीलाताई म्हणाल्या, "असेल की. पण विचारलेलं बरं." आणि पुन्हा भाताकडे वळल्या. लोक हसले. कारण ठाऊक असूनही मीही हसले. युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या माणसांना एखादी तऱ्हेवाईक सवय असतेच, तशातली ही एक, असं सगळे धरून चालले होते.

त्यांची माझी ओळख झाली ती मात्र दुसऱ्याच सवयीमुळे. मी गावाजवळच्या 'ते रापा' नावाच्या भागात दूध पावडरीच्या एका कारखान्यात आयटी सांभाळते. माझ्या साहेबांना एकदा सुरक्षेची चिंता पडली आणि त्यांनी मला युनिव्हर्सिटीत नीलाताईंच्या कोर्सला धाडलं. संगणकावर गुन्हा घडला, तर त्याचा माग कसा काढायचा, हा त्यांचा विषय. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत टेबलावर एक लॅपटॉप उघडा होता आणि दारात पंजाबी ड्रेस आणि जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेल्या एक बाई दोन्ही हात खिशात घालून उभ्या होत्या. मी उत्साहाने पुढे होऊन टचपॅडला बोट लावलं. त्या इंग्रजीत वर्गाला म्हणाल्या, "पुरावा आत्ता बदलला." मग माझं आडनाव वाचून मराठीत हळूच म्हणाल्या, "आधी हात खिशात घालायचे बाई. बघायला डोळे पुरतात."

त्यांच्या एकूण एक कपड्याला खिसे असत. पुण्याचा शिंपी कुरकुर करत का होईना, प्रत्येक कुडत्याला दोन खोल खिसे लावून द्यायचा. मूळ डिस्कला कधी हात लावायचा नाही, तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी सोय करून आधी हुबेहूब नक्कल काढायची, आणि जे काय खणायचं ते नकलेत खणायचं, हे त्यांनी आमच्या डोक्यात इतकं भिनवलं की घरी दूध उतू गेलं तरी मी क्षणभर हात खिशात घालून उभी राहायची. नवरा म्हणायचा, "मॅडम, तपास नंतर. आधी गॅस बंद करा."

त्यांचा दुसरा प्रश्न असायचा, "दिसलं, की वाटलं?" मी एकदा रिपोर्टात लिहिलं होतं की अमक्याने फाइल उघडून वाचली. त्यांनी विचारलं, "वाचताना दिसला तुला?" म्हटलं, नाही, पण फाइल उघडल्याची नोंद आहे. "मग तेवढंच लिही. उघडली गेली. कोणी उघडली तेही माहीत नाही, वाचली का तेही माहीत नाही. मांजरसुद्धा उघडू शकतं." त्यांच्याकडे मांजर होतं, म्हणून त्या हे खात्रीने सांगू शकत होत्या.

तर असं इतकं जपून चालणारं माणूस. म्हणूनच पुढची गोष्ट मला इतकी लागते.

माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची होती. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये आम्ही मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतो. इथे जन्मलेली मुलं, सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. त्या रविवारी नेहमीच्या बाई आल्या नव्हत्या, म्हणून नीलाताईंनी खडू हातात घेतला. फळ्यावर काल, आज, उद्या लिहिलं आणि दोन्ही टोकांना परवा. इरा म्हणाली, "वेट, इट्स द सेम वर्ड?"

"हो. मागचाही परवा, पुढचाही परवा."

"देन हाउ डू यू नो विच वन?"

"वाक्यावरून कळतं. परवा गेले, परवा जाईन."

"अँड इफ समवन जस्ट सेज परवा?"

"मग आजूबाजूचं बघायचं," नीलाताई म्हणाल्या, "त्यावरून कळतं."

"बट व्हॉट इफ यू लुक ॲट द राँग थिंग?"

मी मागे बसून ज्यूसचे डबे वाटत होते. वर पाहिलं, तर नीलाताई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दोन्ही हात खिशात होते. मुलं चुळबूळ करायला लागली. मग त्यांनी खडू ठेवला, मला म्हणाल्या, "पुढचं तू घे," आणि गाडी काढून निघून गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "वैदेही, मला ऑकलंडच्या पेनरोजला घेऊन चलशील? मोटरवेवर गाडी चालवायचा धीर होत नाही." कशासाठी ते त्यांनी गाडीत सांगितलं. सांगताना पूर्ण वेळ काचेबाहेर बघत होत्या.

दोनेक वर्षांपूर्वी पेनरोजच्या एका कारखान्याने त्यांच्याकडे एक लॅपटॉप पाठवला होता. तिथे एक मराठी मुलगी डिझाइन इंजिनिअर होती. तिला आपण केतकी म्हणू. इथे शिकायला आली, नोकरी लागली, आणि व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. तिला दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून तिने राजीनामा दिला. मालकांना संशय आला की जाताना ही आपली ड्रॉइंग्ज घेऊन चालली आहे. त्यांनी त्याच दिवशी लॅपटॉप काढून घेतला. त्यात मैत्रिणीशी केलेलं बोलणं सापडलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. म्हणून मुद्दाम नीलाताईंना गाठलं. तपासही कळणाऱ्या आणि मराठीही कळणाऱ्या त्या एकट्याच.

राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मैत्रिणीने विचारलं होतं, "लॅपटॉपवरचं सगळं कॉपी?" आणि केतकीने उत्तर दिलं होतं, "परवा." एवढंच. पुढे मागे काही नाही.

"मी आधी नोंदी पाहिल्या होत्या," नीलाताई म्हणाल्या. "सोमवारी त्या लॅपटॉपला एक पेन ड्राइव्ह लागला होता. मग बुधवारचा निरोप वाचला. बुधवारी परवा, म्हणजे सोमवार. दोन्ही जुळलं. मी भाषांतरात लिहून टाकलं, द डे बिफोर यस्टरडे."

मी म्हटलं, "पण ती सांगू शकली असती ना, की पुढचा परवा म्हणून?"

"सांगितलं तिने. माझे फोटो आणि पगाराच्या पावत्या घ्यायच्या होत्या, शुक्रवारी घेणार होते, म्हणाली. कंपनीने मला ईमेल करून विचारलं, या शब्दाचा असाही अर्थ होतो का. मी कळवलं, होतो, पण इथे नोंद पाहता तो अर्थ बसत नाही." त्या जरा थांबल्या. "दोन पुरावे आहेत म्हटलं मी. दोन कुठले? शब्दाला तोंडच नव्हतं. नोंद बघून मीच त्याचं तोंड सोमवारकडे फिरवलं, आणि मग त्याचीच साक्ष काढली."

इराच्या प्रश्नानंतर त्या थेट प्रयोगशाळेत गेल्या होत्या आणि ठेवलेली नक्कल पुन्हा उघडली होती. सोमवारच्या त्या पेन ड्राइव्हवरून एका सहकाऱ्याचं प्रेझेंटेशन उघडल्याची खूण होती. बाहेर काही गेल्याची एकही नव्हती. ही खूण त्यांनी पहिल्या वेळीही पाहिली होती, पण किरकोळ म्हणून सोडून दिली होती. उत्तर आधीच हातात असलं की माणूस उरलेल्या गोष्टी किरकोळ ठरवतो, असं त्या म्हणाल्या. मधल्या काळात केतकीची नोकरी गेली होती, नव्या लोकांनी देऊ केलेली जागा मागे घेतली होती, व्हिसा संपला होता आणि ती नाशिकला परत गेली होती.

पेनरोजच्या मॅनेजरने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून आमचं हसतमुख स्वागत केलं. नीलाताईंनी दुरुस्त केलेला अहवाल पुढे ठेवला आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की चूक माझी आहे, ती मुलगी निर्दोष आहे, तिला तसं लेखी कळवा. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, "स्वीट ॲज, काही हरकत नाही. फाइलला लावून ठेवतो." नीलाताई तशाच उभ्या. "तिला कळवाल ना?" त्याने मान डोलावली. मान डोलावली हे दिसलं. कळवेल असं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनीच गाडीच्या स्पीकरवरून नाशिकला फोन लावला. मी रस्त्याकडे बघत होते, पण गाडीत दुसरं ऐकायला होतं काय? त्यांनी नाव सांगितलं, सगळं सांगितलं, कुठेही सारवासारव केली नाही.  मग केतकी म्हणाली, "ताई, तपासायला मराठी बाई आहेत म्हणून कळलं ना, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आपलं बोलणं समजणारं कोणीतरी आहे." आणि फोन ठेवला.

नीलाताई पुन्हा काचेबाहेर बघू लागल्या.  अशा वेळी 'होतं असं कधी कधी' म्हणायची पद्धत आहे, पण त्यांना ते म्हणायची माझी छाती झाली नाही.

'मागचा की पुढचा?' विचारायला त्यांनी तेव्हापासून सुरुवात केली, आणि पुढे आपल्या संशोधनाची दिशाच बदलली. एकाच डिस्कच्या नकला विद्यार्थ्यांच्या दोन गटांना द्यायच्या. एका गटाला सांगायचं, या माणसावर चोरीचा संशय आहे. दुसऱ्याला काहीच सांगायचं नाही. डिस्क तीच, पण पहिल्या गटाला चोर सापडायचा आणि दुसऱ्याला कामात बुडालेला माणूस. त्यावरून त्यांनी नियम मांडला की निरोपांचं भाषांतर करणाऱ्याला नोंदी दाखवायच्या नाहीत आणि नोंदी वाचणाऱ्याला निरोप. सहकारी म्हणायचे, एवढी माणसं आणायची कुठून. त्या परिषदांना जायच्या, आणि पहिलं उदाहरण स्वतःचं द्यायच्या, स्वतःच्या नावानिशी. त्यांचं कौतुक व्हायचं. एकदा मीही म्हटलं, "ताई, केवढा उपयोग होतोय लोकांना." त्या म्हणाल्या, "लोकांना होतोय गं. तिला काय झाला?"

दर दिवाळीत पाडव्याला त्या केतकीला फोन लावायच्या. घंटा वाजून वाजून बंद व्हायची. मला एकदा म्हणाल्या, "नंबर बंद केलेला नाही तिने. ब्लॉकही केलेला नाही, घंटा पूर्ण वाजते." त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "म्हणजे तिला तुमचा फोन यायला हवा असेल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिसलं, की वाटलं?" मग स्वतःच हसल्या. त्या हसण्याकडे बघवलं नाही. हीच बाई माझ्या घरी येऊन पुरणपोळ्या कुस्करून दुधात खायची आणि इराला हॅकरांच्या गोष्टी सांगून हसवायची, हे खरं वाटू नये इतकी ती त्या वेळी म्हातारी दिसली.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, त्यांचं दुखणं निघालं, आणि वसंत येईतो त्या हॉस्पिटलात होत्या. खिडकीतून नदीकाठची झाडं हिरवी होताना दिसायची. दिवाळी तोंडावर आली होती. शनिवारी मी डबा घेऊन गेले, तर त्यांनी माझा फोन मागितला आणि सावकाश एक नंबर आणि एक नाव टाकलं. तिचं खरं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "पाडव्याला मला जमलं नाही तर तू लाव," म्हणाल्या. "उचलणार नाही ती. पण घंटा वाजू दे."

मी हो म्हटलं. निघताना डबा उचलला आणि सवयीने बोलून गेले, "येते मग परवा."

"ये," त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये माझ्या लक्षात आलं की त्यांनी विचारलं नाही. मागे फिरावं, दारातून डोकं घालून "सोमवारी, पुढचा परवा" असं सांगावं, असं फार वाटलं. पण इरा खाली गाडीत वाट बघत होती, आणि सोमवार काय, आलाच होता. रविवारी सकाळी नीलाताई गेल्या.

मंगळवारी जरा भानावर आले तेव्हा वाटलं, केतकीला गुरुवारच्या पाडव्यापर्यंत तिष्ठत ठेवणं बरं नाही. निरोप लिहायला घेतला. "नीलाताई परवा गेल्या" असं लिहिलं, आणि ते वाचून बोटं थांबली. 'परवा' खोडून 'रविवारी' केलं. मी कोण, नंबर कुठून मिळाला, तेही लिहिलं आणि पाठवून दिलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

उत्तर त्याच दुपारी आलं. मी कारखान्यात होते. भोवती यंत्रं चालू होती. हातातलं काम बाजूला ठेवून मी वाचलं.

"दर पाडव्याला फोनकडे बघत बसायचे. एकदाही उचलला नाही. या वर्षी उचलणार होते. परवा."

मी फोन खिशात ठेवला आणि हातही तिथेच राहू दिले. कुठला परवा, ते विचारायची गरज नव्हती.