जिभेखालची गोळी

माझा धाकटा भाऊ पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. कापसाची गाठ अंगावर आली आणि कंबर गेली. दुखणं थांबावं म्हणून सुरू झालेल्या कॅप्सूल दुखणं थांबल्यावरही थांबल्या नाहीत. घरात रोज भांडणं होऊ लागली, तेव्हा मी त्याला धुळ्यात, देवपूरला माझ्याकडे आणलं.

इथल्या व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज जिभेखाली ठेवायची एक गोळी सुरू केली. आठवड्यात तो पोटभर जेवू लागला. मला मात्र कळेना. एक गोळी सोडवायला दुसरी गोळी, हे बरं होणं कसलं? शेजारणीला मी त्याला कावीळ झाल्याचं सांगून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात मी माझ्याच मनाने गोळी अर्धी करून देऊ लागले. वाटलं, हळूहळू सुटेल. तीन दिवसांत त्याला जांभया, पोटात कळा, भर उन्हात अंगावर काटा. मला वाटलं, लपूनछपून त्याने पुन्हा कॅप्सूल सुरू केल्या. मी त्याची पिशवी उलटी केली. निघालं काय, तर टॉवेल, कंगवा, त्याच्या लेकीचा शाळेतला फोटो.

तो बघत होता. "अक्का, तू बी माले चोर समजस का?"

मग मला खरं सांगावंच लागलं. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "चाल, दवाखान्यात जाऊत."

डॉक्टरीणबाईही रागावल्या नाहीत. "ताई, आईची बीपीची गोळी अशी अर्धी केली असती का?"

"बीपी कोणी स्वतःहून लावून घेत नाही."

"आणि कंबर त्यांनी स्वतःहून मोडून घेतली होती?"

 मला ते पटलं नाही. ही गोळी कधी सुटणार, विचारलं, तर म्हणाल्या, "आत्ता नाही सांगता येणार. घाई मात्र करू नका."

त्या संध्याकाळी शेजारीण मुगाची खिचडी घेऊन आली. भावाने सरळ सांगितलं, "माले कावीळ नही शे. गोळ्यास्नं व्यसन शे." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती म्हणाली, "मग तिखट चालतं ना? उद्या शेवभाजी आणते."

आता तो पाइपच्या दुकानात कामाला आहे. गोळ्या स्वतःच आणतो, वेळेवर घेतो. यायला उशीर झाला की मी अजूनही आधी त्याचे डोळे बघते, आणि ते त्याला कळतं. तो बरा झालाय का, असं कोणी विचारलं तर काय सांगावं, मला खरंच समजत नाही.