जोर 'रॉ'वर

दवाखान्यात त्याला सगळे ट्रॉलीतात्या म्हणत. पेशंट खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून खाटेवर, यातच हयात गेली आणि शेवटी कंबरेनंच मान टाकली. वाकला की डोळ्यांपुढं काजवे. तेवढ्यात माईकवर पुकारा करणारी बाई नोकरी सोडून गेली. बसून करायचं काम, वर पाठीला उशी. तात्यानं ती खुर्ची मागितली.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "देते. पण शुक्रवारी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट नीट म्हणून दाखवा. नव्या साहेबांना नुसतं पोटाचे डॉक्टर म्हटलेलं चालत नाही."

"का, पोटात दुखतं त्यांच्या?"

सिस्टर हसल्या नाहीत.

घरी सून होती, शाळेत इंग्रजी शिकवणारी. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं शब्द सोलून दिला. "गॅस, ट्रो, एन, ट, रॉ, ल, जिस्ट. जोर 'रॉ'वर, मामंजी. बाकीचं हलकं सोडा."

तात्या 'गॅस'वरच तुटून पडायचा आणि पुढं दम संपायचा. बायको म्हणाली, "डॉक्टर येईतो पेशंट वर पोचेल."

दिवसभर पोरांपुढं घसा फोडून आलेली सून जांभई देत म्हणाली, "मामंजी, पेशंट उचलताना जोर कधी लावता?"

"कुणीतरी 'हं' म्हणतं तेव्हा. आधी लावला तर आपलीच कंबर जाते."

"मग 'रॉ' म्हणजे तुमचं 'हं'."

तात्याला ते पटलं. आधीचे तुकडे म्हणजे चादरीची टोकं धरायची, 'रॉ'ला उचलायचं, 'ल-जिस्ट'ला अलगद ठेवायचं. शब्द जिभेवर बसला. फक्त दर 'रॉ'ला खांदे उडायचे. सून म्हणाली, "अंग हलवू नका." पण ते अंग उचलण्यातच मुरलेलं, ऐकतंय कुणाचं.

शुक्रवारी तो माईकपुढं बसला. 'रॉ' असा उचलला की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. एकही तुकडा सांडला नाही. साहेब दारात येऊन मान डोलावून गेले.

"चला तात्या, ऑफिसात सही करायला," सिस्टर म्हणाल्या.

तात्या उठेना. 'रॉ'बरोबरच कंबरेत उसण भरली होती. खुर्चीचे हात धरून तो तसाच घामाघूम बसला.

"सिस्टर, मिळाली ना खुर्ची?"

"मिळाली."

"मग उठवता कशाला? कागद इथंच आणा."

सिस्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी माईक त्याच्याकडं सरकवला. हाडांच्या डॉक्टरला बोलवायचं, तेही आता त्याचंच काम.

"ऑर्थोपेडिक सर्जन," तात्या कुठल्याच तुकड्यावर जोर न देता हळूच म्हणाला, "माईकच्या खोलीत या."