फ्यूज खिशात हायेत का?

"तू तिथंच थांब. आत यायचं न्हाई."

काकू मोठ्यानं बोलल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर मलाबी राग आला असता, काहीतरी बोललो असतो. पण त्या भाजीवाल्याला 'आज मेथी नको' म्हणावं तशा म्हणल्या. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा होतो. हातात टेस्टर, पाय उघडे. रबरी बूट बाहेरच्या दारातच काढायला लावले होते. समोरच्या भिंतीवर एसीचा लोखंडी मेन स्विच. माझ्यापासून तीन पावलं. मेनच्या शेजारी देवघर.

तो मेन माझ्या भावानं बसवला होता. त्या भिंतीला भोकं मी पाडली होती.

हे बीडचं सांगतोय. आमी वडवणीचे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो एसीच्या कामाला लागला आणि त्याच्या मागं मी. भिंतीवरचे एसी काय, कुणीबी बसवतं. पण छताच्या पोटात बसणारा, पत्र्याच्या नळीतून चार खोल्यांना गार हवा देणारा डक्टचा एसी बसवणारे आमच्या भागात बोटावर मोजण्याइतके. दादा त्यातला एक. त्याला पाटोद्याहून, धारूरहून फोन यायचे. घरी आई कौतुकानं म्हणायची, माझ्या लेकाच्या हातात गारवा हाय.

बीडचे हे मालक आडतीचे मोठे व्यापारी, काकू त्यांची बायको. बंगल्याचं बांधकाम चालू होतं तवा आमी तिथं बारा दिवस राबलो. युनिट स्लॅबला सळ्यांनी टांगलं. थरथर घरात उतरू नये म्हणून सळ्यांना रबराचे गट्टू लावले. एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला उतार दिला. उताराच्या बाबतीत दादा लई किरकिरा. इतभर नळी चुकली तरी पुन्हा खोलायला लावायचा. म्हणायचा, पाणी उलटं फिरलं की मालक आपल्या मायबापाचा उद्धार करतो.

त्या बारा दिवसात आमी त्या घरात कुठंबी जायचो. देवघराची संगमरवरी फरशी उचलायला माणूस कमी पडला, तर गवंड्यानं आमालाच हाक मारली. दोघांनी धरली ती फरशी. दुपारी तिथंच भाकर खाऊन आडवे व्हायचो, कारण ती खोली सगळ्यात गार होती. तवा कुणी आडनाव विचारलं न्हाई. मग वास्तुशांत झाली, घरात देव बसले, आणि आमाला त्या खोलीची वाट बंद झाली.

दादानं मालकाला एकच गोष्ट मागितली होती. छतात शिरायच्या झाकणाशेजारी एक वेगळा स्विच. वर चढणाऱ्या माणसाला आपल्या हातानं लाइट तोडता यावी म्हणून. मालक म्हणले, भिंतीचा रंग लई भारीचा हाय, तिथं डबा वाईट दिसंल. आत मेन हाय की. दादानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप बसला.

दादाचा कामाचा एक कायदा होता. वर चढायच्या आदी मेन पाडायचा आणि तीनही फ्यूज उपसून खिशात घालायचे. चिनी मातीचे पांढरे फ्यूज. रिमोटनं एसी बंद केला म्हणजे बंद झाला असं लोकांना वाटतं. करंट तारेत तसाच उभा असतो. मेन पाडला तरी कुणीबी येऊन उचलू शकतं. पण फ्यूज खिशात असला की कुणाच्या बापाला करंट सोडता येत न्हाई. तो वर, मी खाली, फ्यूज माझ्या खिशात. झाकणात डोकं घालायच्या आदी तो दरवेळी विचारायचा, "फ्यूज खिशात हायेत का?" मी पँटीवर थाप मारायचो. ते खणखणले की मगच तो आत सरकायचा.

दोन उन्हाळे एसी झकास चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात हॉलच्या जाळीतून सोफ्यावर पाणी टपकायला लागलं. मालकाचा फोन आला, आमी सकाळच्या एसटीनं गेलो. सोमवार होता. काकूंनी हॉलात दोघांना चहा दिला, चांगल्या कपबशीत. पोराबाळांचं विचारलं. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. त्याच्या फोनला भीमगीत होतं.

काकूंनी विचारलं, "आडनाव काय म्हणले तुमचं?"

दादानं सांगितलं. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात कुणाला लपवायचं शिकवलं न्हाई. काकू आत निघून गेल्या. रिकाम्या कपबश्या उचलायला मात्र कुणी आलं न्हाई. आमी काम करत होतो तवर त्या टेबलावर तशाच होत्या.

दादानं झाकण उघडून बॅटरीनं बघितलं. पाण्याची नळी शेवाळानं तुंबली होती, एसीखालचं तबक भरून वाहत होतं, आणि पाणी पंख्याच्या मोटरीच्या वायरींपर्यंत गेलं होतं. ते खोलायचं म्हणजे लाइट तोडायलाच पाहिजे. तो शिडीवरून म्हणला, जा, फ्यूज काढून आण. मी गेलो आणि उंबऱ्याशी काकूंनी मला थांबवलं.

मालक आले. मला बाजूला सरक म्हणले, आत गेले, दांडा खाली ओढला. मी म्हणलो, "मालक, फ्यूजबी काढावे लागतात. मलाच काढू द्या." ते म्हणले, "बंद केलं ना? मग झालं की." आणि फोनवर बोलत अंगणात गेले.

मी हॉलात आलो. दादा छतात कमरेपर्यंत शिरला होता. मी म्हणलो, बंद हाय.

वरून आवाज आला, "फ्यूज खिशात हायेत का?"

मी म्हणलो, "हो."

का म्हणलो? आजवर हजारदा विचारलंय सोताला. कावून म्हणलो असं? शरम वाटली, दुसरं काय. त्याला खाली उतरवायचं आणि सांगायचं, दादा, आपल्याला आत घेईनात. त्यानं भांडण काढलं असतं तर काम गेलं असतं. काढलं नसतं, मान खाली घातली असती, तर ते तोंड मला बघावं लागलं असतं. मला दोन्ही नको होतं. म्हणून 'हो' म्हणलो. पँटीवर थाप मारली न्हाई, खिशात होतंच काय. त्यानंबी पुन्हा विचारलं न्हाई. मोटरीपाशी सरकत गेला.

मी परत उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. निदान मेनवर नजर ठेवावी म्हणून. दहा मिनिटं गेली असतील. काकू न्हाऊन, बेलाचं ताट घेऊन आल्या. देवाभोवतीची दिव्यांची माळ बंद दिसली. ती माळ कुण्या वायरमननं मागाहून त्याच मेनवर जोडली होती. काकूंनी माळेचं बटण दाबून बघितलं, पेटंना. मग त्यांचा हात मेनकडं गेला.

मी बघत होतो.

मी म्हणलो, "काकू, नका." म्हणलो तेबी हळू, घरात मोठ्यानं बोलू नये तसं. तीन पावलं होती. हात धरायलाबी नको होता, नुसतं मधी उभा राहिलो असतो तरी झालं असतं. पण माझा पाय उंबऱ्यावरून उचललाच न्हाई. दोरी बांधलेल्या बैलासारखा मी उभा. आणि दोरी कुठं होती? कुठंच नव्हती. एक बाई साध्या आवाजात 'तिथंच थांब' म्हणली होती, एवढंच.

दांडा वर गेला. माळ पेटली. हॉलातून दादाचा आवाज आला. तसला आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता.

मग पाय उचलला. मग मी आत गेलो, काकूंना ढकलून गेलो, दांडा पाडला, तीनही फ्यूज उपसले. पळत हॉलात आलो तवर छताची पांढरी शीट फाटून दादा खाली पडला होता. उजवा हात कोळशासारखा. तोंडावर चुन्याची भुकटी. मी त्याची छाती दाबत होतो आणि खिशात फ्यूज वाजत होते.

काकू दारात येऊन रडायला लागल्या. खोटं कशाला सांगू, खरंच रडत होत्या. मालकानं सोताची गाडी काढली. आमी दादाला उचलून बाहेर नेत होतो तवा काकू मालकाला हळूच म्हणल्या. मी ऐकलं.

"तो देवापाशी शिरला होता. आता सगळं धुवावं लागंल."

दादा जगला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, राहिलेली तीन वळत न्हाईत. ज्या हातानं तो नळीचा इतभर उतार नुसत्या स्पर्शानं सांगायचा, त्या हातात आता पेचकस राहत न्हाई. भाकर डाव्या हातानं मोडतो. पहिले सहा महिने तर आईच भरवायची, बत्तीस वर्षांच्या माणसाला. ती भरवायची आणि तो भिंतीकडं बघायचा. मी त्या वेळी घरात थांबत नसे.

मालक दवाखान्यात दोनदा आले. फळं आणली. नशीब म्हणले. वर्षभर मी गप होतो. मग एका दुपारी दादा ओसरीत बसला होता, मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. फ्यूज माझ्या खिशात नव्हते. त्यांनी मला आत जाऊ दिलं न्हाई. मी खोटं बोललो.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घेतला. मग म्हणला, "ठाऊक हाय मला. खणखण आली न्हाई."

"मग खाली का न्हाई उतरलास?"

"उतरलो असतो तर तुला विचारावं लागलं असतं, का न्हाई आणले. तुला ते सांगायला लावायचं जिवावर आलं."

म्हणजे त्यालाबी कळलं होतं. मी त्याची लाज राखायला खोटं बोललो, त्यानं माझी लाज राखायला ते खरं मानलं. दोघा भावांनी एकमेकांना जपलं. आणि लाज कुणाची होती? आमची नव्हतीच ती. ज्यांची होती ते आपली फरशी धूत बसले होते. मी त्या दिवशी ओसरीतून उठून विहाराच्या मागं गेलो आणि ढसाढसा रडलो.

त्या उन्हाळ्यात मालकाचा पुन्हा फोन आला. पाणी परत टपकतंय. दुसरे दोघं येऊन गेले, त्यांना नळीचा रस्ता सापडंना. तूच ये बाबा. आई म्हणली, त्या घराचं नाव काढू नको. मी गेलतो. ती तीन पावलं चालायला गेलतो. एसटीत सगळ्या वाटंनं एकच ठरवत होतो, की आपल्या हातानं फ्यूज काढायचे, मगच पिशवी उघडायची.

मालक अंगणातच भेटले. तोंड हसरं. मला पडवीत घेऊन गेले. चपलांच्या रॅकच्या वर, बाहेरच्या भिंतीवर, एक नवाकोरा स्विच बसवला होता. झाकणाचा, कुलपाचा. तिथून वायरीचा पाइप सगळ्या बंगल्याला वळसा घालून गच्चीवर चढवला होता.

"बघ, तुझ्यासाठी केलं," ते म्हणले. "कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात ठेव. आता आतल्या खोलीत यायची भानगडच न्हाई."

मी स्विच उघडून बघितला. काम चोख होतं. दादानं मागितला होता तसाच, जागा तेवढी वेगळी. तवा भिंतीचा रंग आडवा आला होता. आता सगळ्या घराभोवती वायर फिरवली, त्याला रंग आडवा आला न्हाई. माझ्या तीन पावलांपेक्षा तो बंगलाभर वळसा त्यांना सोपा वाटला. आणि वाईट याचं की मालकाला खरंच वाटत होतं, आपण भलं केलं. शाबासकीची वाट बघत होते माझ्याकडं.

मी म्हणलो, "स्विच बरोबर हाय मालक. पण माझ्या भावाचा हात स्विचवाचून गेला न्हाई."

"मग कशानं गेला?"

"तुमी मला उंबऱ्यावर थांबवलं. आणि मी थांबलो."

ते गोंधळले. म्हणले, असं मनात धरून कसं चालंल, मागचं मागं गेलं, वर पाणी टपकतंय ते बघ. मी पिशवीची चेन लावली. या वेळी बूट काढलेच नव्हते, त्यामुळं घालायचाबी प्रश्न नव्हता. फाटकाबाहेर आलो. मागून ते हाक मारत होते, नाव घेऊन. पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं. मी वळलो न्हाई.

दादाला सांगितलं. त्याच्या हाताला काय फरक पडणार होता? ती बोटं काही माघारी येत न्हाईत. आई म्हणली, आता बीडात तुला कोण काम देईल. बरोबर हाय तिचं. त्या मालकानं चार घरी सांगितलं असणार, ती घरं सुटली. लोक म्हणतात, लई ताठ झालाय हा. झालोय.

आता कुठंबी गेलो की पाणी प्यायच्या आदी विचारतो, मेन कुठं हाय. सैपाकघरात असंल तर सैपाकघरात जाणार. देवाजवळ असंल तर देवाजवळ. रबरी बूट पायातच राहणार. फ्यूज माझ्या हातानं निघणार, आणि कुलूप असंल तर चावी माझ्या खिशात राहणार. 'आमी बंद करतो, तू बाहेर थांब' म्हणले की पिशवी खांद्यावर. भांडत न्हाई, समजावत न्हाई. समजावायचं काम माझं न्हाई.

वर आता मीच चढतो. खाली आमच्या आळीतला एक सोबती असतो. झाकणात डोकं घालायच्या आदी मी त्याला विचारतो, फ्यूज खिशात हायेत का. खणखण आल्याबिगर सरकत न्हाई. आणि ज्या घरात ती खणखण करू देत न्हाईत, त्या घराचं झाकण मी उघडणार न्हाई. उकडून मरा म्हणावं.