मधलं एक घर सोडून

आमच्या आळीत कुणाचं वाईट करायचं झालं तर ते कमरेत वाकून, गोड बोलून करावं लागतं. सादाए कुवाबारानं ते तसंच केलं. आळीच्या मंडळाच्या बैठकीत चहाचा कप खाली ठेवून, आवाजात मध घालून ती म्हणाली, "हिसानोसानच्या घरात सुतक आहे ना. आपण बोलावलं तर बिचारीला नाही म्हणता यायचं नाही. यंदा तिला त्रास नको द्यायला."

बैठक होती वर्षअखेरच्या कांडणाची. डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला सगळी आळी देवळाच्या आवारात जमते, चिकट तांदूळ वाफवते आणि दगडी उखळात कुटून त्याचे पांढरेशुभ्र गोळे करते. ते गोळे देवापुढं ठेवल्याशिवाय नवं वर्ष काही घरात पाऊल टाकत नाही. आणि त्या उखळीशी गुडघे टेकून बसायची ती हिसानो. तिचा नवरा तोकुजिरो लांब दांड्याची लाकडी मोगरी डोक्यावर उचलायचा आणि घालायचा; मोगरी पुन्हा वर जाते न जाते तेवढ्यात हिसानो ओला हात घालून आतला गोळा उलटायची आणि हात बाहेर. तो म्हणायचा "हो!", ही म्हणायची "हां!". हो, हां, हो, हां. तोकुजिरो चटया विणणारा, महा घुमा माणूस. आळीत सगळे चेष्टेनं म्हणायचे, या नवरा-बायकोचं वर्षाचं बोलणं एका दिवसात, उखळीवरच उरकतं.

तो तोकुजिरो ऑगस्टच्या उकाड्यात गेला. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथं वर्षभर सण नाही. दाराला पाइनची फांदी नाही, गवताचं तोरण नाही, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत आणि घ्यायच्या नाहीत. त्यामुळं सादाएच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. मंडळाचे अध्यक्ष कुरोकावा तर विरघळलेच. "हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही हो! किती विचार करता तुम्ही दुसऱ्याचा!" मग टक्कल खाजवत म्हणाले, "पण मग हात कोण घालणार?"

सादाए जेवढा वेळ खाली बघायला हवं तेवढा वेळ खाली बघत राहिली. "कुणीच नसेल तर... बघते मी."

आता सादाएचं एक ऐका, म्हणजे ती काही राक्षसीण नव्हे हे कळेल. लग्न होऊन आळीत आली त्या वर्षापासून ती चुलीशी. लाकडं पेटवायची, फुंकायची, वाफवलेला तांदूळ धावत उखळीशी नेऊन ओतायचा आणि परत धुरात. दरवर्षी कुणी तरी फोटो काढायचं, तो मंडळाच्या खोलीत भिंतीवर लागायचा. फोटोत मोगरी उंच उचललेला तोकुजिरो, खाली हिसानो, आणि मागं जो पांढरा धूर दिसतो ना, त्या धुरात सादाए. साठी उलटली तरी धुरातच. एकदा तरी आपण त्या उखळीशी बसावं, आळीनं आपल्याकडं श्वास रोखून बघावं, एवढीच तिची हाव. पण हाव लहान असली म्हणून पाप लहान होत नाही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, मिचिओला, सगळं सांगितलं. त्यातलं स्वतःचं चांगुलपण जरा जास्तच वाढून. मिचिओ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून, कमरेपर्यंत गोधडी ओढून तो संत्रं सोलत बसला होता. वरही न बघता म्हणाला, "सुतक त्यांच्या घरी आणि पोटात दुखतंय तुझ्या!"

"काहीतरीच तुमचं!" सादाए फणकारली. "तुम्हाला काय कळतंय बायकांतलं?"

"मला काही कळत नाही," असं म्हणून त्यानं एक फोड तोंडात टाकली. सादाएला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांडणाची सूचना निघाली. आमच्याकडे सूचनेचा कागद एका फळीला लावून घरोघर फिरवतात; वाचायचा, शिक्का मारायचा आणि फळी शेजारी नेऊन द्यायची. सादाएच्या पुढचं घर हिसानोचं. तिच्या फाटकाशी आल्यावर सादाएनं फळी शालीखाली घेतली, मान खाली घातली आणि झपाझपा पुढच्या घरी गेली. बस्, एवढंच. मधलं एक घर सोडून. खून नाही, चोरी नाही. पण परत येताना ती वळसा घालून, पलीकडच्या गल्लीतून आली, यातच काय ते आलं.

पुढं दोन दिवस बर्फ कोसळलं. सकाळी दार उघडून बघते तर काय, तिच्या दारापुढचं बर्फ कुणी तरी आधीच बाजूला ओढलेलं. कुणी तरी म्हणजे कोण? हिसानो. ती स्वतःचं दार झाडता झाडता नेहमीच शेजारचंही दार झाडते. कुणी आभार मानले तर म्हणते, फावडं थांबत नव्हतं हो. डोक्याला रुमाल गुंडाळून ती फाटकाशी उभी होती. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं. लग्नानंतरच्या पहिल्याच कांडणात ते मोगरीखाली सापडलं होतं. नवऱ्याला कुणी दोष दिला की ती भांडायची, "त्यांचं काही चुकलं नाही. घाबरून मीच मधे थांबले. थांबलं की हात सापडतो."

"थंडी फार पडलीय नाही?" हिसानो म्हणाली. मग जरा घुटमळून, "यंदा कांडणाला तांदूळ कुठला आणलात?"

हा काही तांदळाचा प्रश्न नव्हता. आमच्या आळीत वाढलेल्या कुत्र्यालासुद्धा कळलं असतं की ही बाई विचारते आहे, मी येऊ का. सादाएला कळलं. नुसतं कळलं नाही, तोंडाशी 'या ना' आलंही होतं. पण त्याऐवजी ती म्हणाली, "नेहमीचाच. बरं, चूल तापतेय माझी," आणि आत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. चूल पेटलेली सुद्धा नव्हती.

अठ्ठावीस तारीख उजाडली. आवारात चुली भडकल्या, पोरं हुंदडायला लागली. मोगरी धरली कुरोकावांच्या जावयानं, शोगोनं. उमदा गडी, पण ताल म्हणून नाही. सादाए नवीन एप्रन बांधून उखळीशी बसली. उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला, असं मनाशी म्हणून तिनं हात पाण्यात बुडवला खरा. पण पहिलाच घाव पडला तो जमीन हादरली, आणि आत घातलेला हात भाजल्यासारखा बाहेर आला. आळीनं श्वास रोखला होता, हे खरं. पण तो भीतीनं.

"हो!" शोगो ओरडायचा. सादाएचं "हां!" कधी आधी, कधी नंतर. तिसऱ्या वेळी मोगरी निसटती मनगटाला घासून गेली आणि ती कळवळली. गोळ्यात कणी तशीच राहिली. बायका म्हणाल्या, "छान झालंय हो, मऊ झालंय." म्हातारी ओसागावा आजी मात्र दात नसलेल्या तोंडात तुकडा घोळवत सगळ्यांदेखत म्हणाली, "हिसानो कुठाय? मेली का तीही?" कुणी तरी तिला गप्प केलं. फोटो निघाला. सादाएनं त्यात हसायचं म्हणून दात दाखवले.

दुपारी पुरुष मंडळाच्या खोलीत ऊन ऊन साके, तांदळाची दारू, घेऊन बसले. सादाएला तिथं करमेना. चार गोळे पानात बांधून ती हिसानोकडं निघाली. एवढं दिलं की मनावरचं ओझं उतरेल, असा हिशेब. पुढच्या दारानं जायचा धीर झाला नाही, म्हणून मागच्या अंगणातून गेली आणि ओसरीशी येऊन थांबली.

ओसरीवर पाण्यानं भरलेली बादली, आणि त्यात बुडवून ठेवलेली तोकुजिरोची मोगरी. शेजारी घमेल्यात ओल्या फडक्याखाली भिजून टपोरलेला तांदूळ. आणि आत, बाह्या दोरीनं बांधून, कांडणाला निघालेल्या बाईसारखी, हिसानो हात मांडीवर ठेवून बसलेली.

"या, या," ती लगबगीनं उठली. "एवढ्या थंडीत कशाला आलात? हात बघू आधी."

"हात?"

"लागलंय ना? उखळीचा आवाज इथवर येतो, त्यावरून कळलं मला. तुमचा हात उशिरा निघत होता. सकाळपासून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता." तिनं सादाएचं सुजलेलं मनगट हातात घेतलं, त्यावर मलम चोळलं, वर चिंधी बांधली. मग मागं सरकून, जमिनीला कपाळ टेकवून म्हणाली, "तुम्ही बैठकीत माझी काळजी केलीत, असं कुरोकावासान सांगत होते. फार उपकार झाले."

त्यापेक्षा तिनं दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. हिसानोनं पळायला दार उघडं ठेवलं होतं. नुसतं 'अहो, त्यात काय' म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं, आणि दोघी पुढं जन्मभर एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या असत्या. पण सादाएची नजर पुन्हा त्या बादलीकडं गेली.

"मोगरी का भिजत घातलीत?" तिनं विचारलं.

"सुकी असली की कपच्या उडतात, तांदळात जातात."

"तसं नाही... सुतक..."

"मठातल्या स्वामींना विचारलं होतं मी. म्हणाले, दाराला काही लावू नका म्हणजे झालं, आळीच्या कामाला कसलं सुतक!" हिसानो मोगरीकडं बघत राहिली. "आणि आमचे हेही म्हणाले होते, दवाखान्यात. यंदा मोगरी त्या शोगोच्या हातात दे, तू हात घाल. एवढंच बोलले. मग दोन दिवसांनी गेलेच. त्यांचं बोलणं म्हणजे ते केवढं हो, तुम्हाला माहीत आहे."

सादाएचा बांध फुटला. "मी काळजी नाही केली तुमची! मला बसायचं होतं उखळीशी. म्हणून बोलले तसं. आणि ती फळी..."

"शालीखाली घेतलीत," हिसानो शांतपणे म्हणाली. "खिडकीशीच बसले होते मी."

"मग हाक का नाही मारलीत?"

"सुतक माझ्या घरात होतं, सादाएसान. हाक तुम्ही मारायची होती."

सादाएला वर बघवेना. "सगळं माहीत होतं, तर काल तांदूळ भिजत कशाला घातलात?"

"वाटलं, सकाळपर्यंत तुम्ही याल."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. घमेल्यातला तांदूळ फुगून बसला होता. भिजला तांदूळ काही उद्यावर राहत नाही, आणि उद्या एकोणतीस तारीख. त्या दिवशी आमच्याकडे कुणी उखळाला हात लावत नाही, वर्षभराची पीडा मागं लागते म्हणतात. मार्चमध्ये तर हिसानोची मुलगी तिला कायमची नागोयाला घेऊन जाणार होती, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीत सादाएलाही ठाऊकच होतं.

ती उठली. गोळ्यांचं पुडकं तिथंच विसरली. बर्फातून घसरत, सावरत ती मंडळाच्या खोलीत शिरली आणि दारातूनच म्हणाली, "मी खोटं बोलले. हिसानोसानला यायचं होतं. मीच तिला गाळलं. उखळ उचला."

कुरोकावांचा पेला तोंडाशीच राहिला. "अहो, पण उखळ धुऊन ठेवलंय..."

"मग परत धुवा! उचला म्हणते ना!" सादाए एवढ्या मोठ्यानं ओरडलेली आळीनं कधी ऐकली नव्हती. कोपऱ्यातून मिचिओ पहिला उठला. बाह्या सरसावून त्यानं हातगाडी बाहेर काढली.

उखळ हिसानोच्या अंगणात आलं. चूल मांडली, तांदूळ वाफेवर चढला. आळीतली माणसं कुंपणाशी जमली. बायका सादाएकडं बघायचं टाळत होत्या, आणि ते ती बघत होती. तांदूळ उखळात पडला तेव्हा नवीनच पंचाईत. शोगोचं तोंड लालबुंद, पाय एक इकडं एक तिकडं.

"अहो, जित्या हातावर मोगरी घालायला शुद्धीतला माणूस लागतो!" कुरोकावा भिंतीला धरून म्हणाले. "आमच्यात सरळ उभा राहील असा एक तरी आहे का?"

उखळीशी गुडघे टेकून बसलेली हिसानो पाण्यात हात बुडवत म्हणाली, "सादाएसान घालतील."

"मी? नाही हो! मला नाही येत. चुकून तुमच्या हाताला..."

"थांबू नका, म्हणजे नाही लागायचं."

सादाएनं बादलीतून मोगरी काढली. पाण्यानं जड झाली होती. दांडा मधे झिजून खोलगट झाला होता, आणि तिच्या हातांना ती जागा आपोआप सापडली. तिनं ती डोक्यावर उचलली आणि खाली बघितलं. ज्या बाईची जागा आपण खाल्ली, ती मान खाली घालून, ओला हात उखळाच्या काठाशी धरून वाट बघत होती. मोगरी कुठं आहे तेही बघत नव्हती. एकदासुद्धा तिनं वर बघितलं नाही.

"म्हणा," ती खालूनच म्हणाली.

"हो!" सादाए म्हणाली, आणि तोंडातून रडूच बाहेर पडलं. पण ती थांबली नाही.

"हां!" खालून उत्तर आलं, अगदी वेळेवर.